वाकडी करंगळी

ओर्सोलाच्या डाव्या हाताची करंगळी मोडली ती मेनिकोमुळे, आणि पुढे तिच्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं ते सगळं त्या करंगळीपायी झालं. बरं थोडं, वाईट फार.

सांताल्बात तेव्हा दोनच धंदे होते. मासे धरायचे, नाहीतर दोर वळायचे. ज्यांना दोन्ही जमत नसे ते नगरसभेत बसत. मेनिकोचा बाप दोर वळणारा. समुद्राकडच्या भिंतीला लागून त्याचं चाक होतं, आणि जवळच्याच ओढ्यावर ओर्सोलाची आई कातेरिना लोकांचं धुणं धुवायची. पोर नुसती बसून राहायला नको म्हणून ती ओर्सोलाला चाक फिरवायला पाठवी. एक दिवस मेनिकोच्या हातून तागाचे ताणलेले पेड सुटले, चाकाची मूठ गरकन उलटी फिरली आणि ओर्सोलाचं बोट तिच्यात सापडलं. गावात हाडं बसवणारी एक म्हातारी होती. तिला धड दिसत नसे, पण ते सांगायची कोणाची छाती नव्हती. तिने बसवलेलं बोट मधल्या सांध्यापासून आत वळलं ते कायमचं.

पोरीपेक्षा मेनिकोच जास्त रडला.

"रडतोस काय मेल्या? मोडलंय माझं!" ओर्सोला म्हणाली.

"आता तुला कोण करून घेणार?" मेनिको नाक पुसत म्हणाला. "मलाच करावं लागणार की!"

दोघांची वयं तेव्हा दहाच्या आतबाहेरची. पण असलं बोलणं काही जण आयुष्यभर धरून बसतात. हे दोघं त्यातलेच होते.

ओर्सोला तेरा वर्षांची असताना कातेरिना तिला घेऊन नेपल्सला गेली. तिथे बियाजो मेस्त्रीच्या चित्रशाळेत चादरी-पडद्यांचं धुणं मिळेल असं कोणीतरी सांगितलं होतं. मेस्त्रीने आईकडे पाहिलंही नाही. पोरीने गाठोडं खाली ठेवलं तेव्हा तो तिच्या हातांकडे बघत राहिला. धुणं धुणारीच्या पोरीला असले हात कुठून आले देव जाणे. लांब, गोरे, मऊ, हाडाचा पत्ता नाही. आईच्या हातांना पाण्याने भेगा पडलेल्या, आणि लेकीचे हात असे की जन्मात पाण्याला शिवले नसावेत.

"ही पोर माझ्याकडे ठेव," मेस्त्री म्हणाला. "वर्षाचे गहू आणि तेल तुझ्या घरी पोचवीन."

"काम काय करायचं तिने?" कातेरिनाने विचारलं.

"काहीच नाही. काही केलं तर हाकलून देईन."

बियाजो मेस्त्रीचा धंदा राजाचा होता. राजा स्पेनचा, राहायला माद्रिदला. त्याला आमच्याकडे यायची कधी सवड झाली नाही, पण आमच्या मुलखातल्या प्रत्येक कचेरीत, कोर्टात, जकातनाक्यावर आणि मठाच्या जेवणघरात तो भिंतीवर असावाच लागे. माणसाएवढा, काळ्या पोशाखात, एक हात तलवारीच्या मुठीवर आणि दुसऱ्या हातात घडी केलेला कागद. चेहऱ्याचा नमुना दरबारातून येई. मेस्त्री त्यावरून कागदाला भोकं पाडून घेई, कोळशाची पूड मारी, आणि तोच लांबोडा, वाकडा जबडा कापडामागून कापडावर उतरवी. अंगासाठी लाकडाचा पुतळा होता, त्यालाच पोशाख चढवत. गळ्याची जाळीदार झालर रंगवायला एक वेगळा माणूस होता, तो दुसरं काहीच करत नसे. राहिले हात. दरबाराने हातांचा नमुना कधी पाठवला नव्हता. लाकडी पुतळ्याचे हात काढले तर ते लाकडाचेच दिसत, आणि मेस्त्रीचे स्वतःचे हात खाटकासारखे होते.

"थोबाड काही आपल्या मर्जीचं नाही," तो ओर्सोलाला म्हणाला, "ते आहे तसं काढावं लागतं. मग निदान हातांकडे बघून तरी लोकांना वाटायला नको का, की हा राजा आहे?"

तेव्हापासून ओर्सोला राजाचे हात झाली. रोज काळ्या मखमलीच्या बाह्या चढवून ती पडद्यामागे उभी राही. त्याआधी दोन्ही हात डोक्यावर धरून बराच वेळ थांबायचं, म्हणजे रक्त उतरतं, शिरा बसतात आणि कातडी मेणासारखी दिसते. रात्री बदामाचं तेल चोळून हातमोजे घालून झोपायचं. पीठ मळायचं नाही, सुई धरायची नाही, झाडू तर दूरच. चित्रशाळेतल्या बायका तिला बघितलं की उठून उभ्या राहत. "आले, महाराज जेवायला आले! अगं, पाव कोण भरवतंय त्यांना?" आणि खदाखदा हसत. ओर्सोलाही हसायची. दुसरं करणार काय? ज्या वयात पोरी कामं शिकतात त्या वयात तिला एकच काम शिकवलं होतं, न हलण्याचं.

मेस्त्रीने एक शपथ मात्र घ्यायला लावली होती. हे कोणाला सांगायचं नाही. राजाचे हात ओढ्यावरच्या पोरीचे आहेत हे बाहेर कळलं तर धंदा बुडेलच, पण मानही जागेवर राहील की नाही सांगता येत नाही. आणि चित्रात तो तिची करंगळी नेहमी सरळ करून काढी.

दोराची वेटोळी घेऊन मेनिको नेपल्सच्या बंदरात यायचा. काम उरकलं की चित्रशाळेच्या मागच्या दाराशी येऊन उभा राही. कधी अंजिरं, कधी खारवलेली मासळी. ती ते हातात घ्यायची नाही, कारण तिच्या बोटांना मिठाचा स्पर्श चालत नसे. मग तो तिला भरवी.

"अजून किती राजे उरलेत?" तो विचारायचा.

"मेस्त्री म्हणतात एक मठ आणि एक जकातनाका."

"मागच्या वेळी पण एक मठच होता. या माणसाला भिंती पुरतात तरी कधी?"

"हळू बोल."

"अगं, माझ्या आईचे डोळे मिटले तुझी वाट बघत. माझे मिटायच्या आत तरी ये."

अकरा वर्षं अशी गेली. ओर्सोला चोविशीला आली. तिच्या बरोबरीच्या पोरींना तीन-तीन लेकरं झाली होती, आणि ही अजून राजाच्या बाह्यांत हात घालून उभी. तिला दुसरं काही नको होतं. वाड्या नको होत्या, दागिने नको होते. मेनिकोच्या घरी जायचं होतं, एवढंच. एवढंसं मागणं, पण मेस्त्रीला ते कधी मोठंही वाटलं नाही की लहानही. त्याला ते ऐकूच आलं नाही.

मग एका सकाळी ती धुण्याघरातून राखेच्या उकळत्या पाण्याची बादली उचलून थेट चित्रशाळेत आली. मेस्त्री स्टुलावरून उठलाच.

"अगं, ए! काय करतेस?"

"लग्नाला कधी सोडणार सांगा. नाहीतर दोन्ही हात यात घालते."

"वेडी झालीस? ठेव खाली! ओर्सोला, बाळा, ठेव ती खाली."

"बाळा म्हणू नका. तारीख सांगा."

मेस्त्रीला घाम फुटला. "एक चित्र राहिलंय गं. एकच. आणि तेही तुझ्याच गावच्या नगरसभेचं. ते झालं की जा. माझ्या घरून तुझी वरात काढतो, मग तर झालं?"

ओर्सोलाने बादली खाली ठेवली नाही. "आणखी एक. आजवर माझी करंगळी तुम्ही सरळ केलीत. या चित्रात ती आहे तशी काढायची."

"राजाचं बोट वाकडं? डोकं फिरलं का तुझं?"

"जबडा वाकडा चालतो, मग बोट का नाही चालत?"

मेस्त्रीला हसू आवरलं नाही. सांताल्बा म्हणजे मासे आणि दोर, तिथे बोटं मोजायला कोण बसलंय, असा विचार त्याने केला असणार. त्याने करंगळी आहे तशी काढली. तलवारीच्या मुठीवर टेकलेला डावा हात, आणि मधल्या सांध्यापासून आत वळलेलं ते बोट. ओर्सोलाची हौस तेवढीच होती. अकरा वर्षं ज्या राजाने तिला अडकवून ठेवलं, त्याच्या अंगावर मेनिकोची एक खूण राहावी. ही हौस तिला फार महागात पडली.

लग्न झालं. ओर्सोला आईच्या जागी ओढ्यावर बसू लागली. राखेचं पाणी, थंडी, दगड. दोन वर्षांत तिच्या हातांची सालं निघाली, नखं गेली, बोटं सुजून लाल झाली. तिला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. आपल्या हातांनी भाकरी मळायची, मेनिकोच्या पाठीला तेल चोळायचं, यातच ती खूश होती. तो तिची करंगळी धरायचा आणि कमरेत वाकून म्हणायचा, "काय आज्ञा महाराज?"

"चुलीत लाकूड घाल."

"जशी मर्जी!"

इकडे नगरसभेत चित्राचं प्रस्थ वाढलं होतं. राजाच्या नावाच्या संताचा सण आला की ते चौकात आणत, वर रेशमी छत धरत, आणि नगरसभेचे मानकरी एकेक करून पुढे येऊन राजाच्या डाव्या हाताचं चुंबन घेत. उजव्या हातात कागद होता, शिवाय तो उंचावर होता, म्हणून डावा. ओठ टेकवायला नाक अगदी कापडाजवळ न्यावं लागे. तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं की महाराजांची करंगळी वळलेली आहे.

झालं! सांताल्बात कोणीच राजाला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे शंका घेणार कोण? गावच्या वैद्याने कारणही शोधून काढलं. उंची रक्त जड असतं म्हणे, ते टोकाशी साचतं आणि बोट वळतं. नगरसभेचे प्रमुख सरदार ओताव्यो पेला करंगळी वाकडी करून धरू लागले. त्यांचं बघून बाकीचे. नाच शिकवणारा पोरांना करंगळी कशी ठेवायची ते आधी शिकवू लागला, पावलं मागाहून. हातमोजे शिवणाऱ्याने वाकड्या करंगळीचे हातमोजे काढले. पाद्रीबुवासुद्धा पूजेचा पेला उचलताना करंगळी आत घेत. मग ते लोण कोळीवाड्यात गेलं, दोरवाल्यांत गेलं. मासे विकणाऱ्या बाया माशाचं शेपूट धरताना बोट वळवायच्या. मोठ्या घरांत तर लहान पोरींच्या करंगळ्या फडक्याने बांधून ठेवू लागले, वळण लागावं म्हणून.

ओर्सोला आणि मेनिको दारं लावून घेत आणि पोट धरधरून हसत. बाहेर मात्र दोघं चूप. शपथ ती शपथ.

पुढच्या सणाला चौक फुलून गेला होता. सरदार ओताव्यो नवा कोट घालून आले, चित्रापुढे वाकले, स्वतःची करंगळी दुखेपर्यंत आत वळवली, डोळे मिटले आणि राजाच्या करंगळीवर ओठ टेकवले. फार वेळ टेकवून ठेवले. आणि त्या शांततेत मेनिको हसला. त्याने तोंडावर हात दाबला, खोकल्याचं सोंग केलं, पण ते हसू नाकातून, डोळ्यांतून, कुठून कुठून बाहेर आलं. ओर्सोलाने त्याच्या बरगडीत कोपर मारलं. उशीर झाला होता.

"कोण हसलं?" सरदार सरळ होत म्हणाले. "पुढे ये. कशाला हसलास?"

मेनिकोने बायकोकडे पाहिलं. खरं सांगितलं तर तिलाही ओढतील, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"काही नाही साहेब. असंच."

"महाराजांच्या तोंडासमोर असंच?"

या 'असंच'ला दहा वर्षांची शिक्षा झाली, सरकारी गलबतावर साखळीत बसून वल्ही मारायची. त्याऐवजी त्याने एखाद्याचा खून केला असता तर कदाचित वकिलाने काही वाट काढली असती.

नेण्याच्या आदल्या दिवशी ओर्सोला कोठडीच्या गजाशी गेली. मेनिको अजून थट्टा करत होता, ते तिला सहन होईना.

"गलबत वर्षातून एकदा इथे पाणी भरायला येतं," तो म्हणाला. "तू धक्क्यावर ये. हात वर कर. करंगळी वाकडी धर, म्हणजे मी ओळखीन."

"धरायची कशाला? ती वाकडीच आहे."

"हो की. मीच केलीय," तो म्हणाला, आणि गजांतून हात घालून त्याने ती करंगळी धरली.

शपथ मोडायची असं ओर्सोलाने परतीच्या वाटेवर ठरवलं. दयेचा अर्ज घेऊन ती नगरसभेत गेली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. बियाजो मेस्त्रीही होता. सणातल्या चुंबनांनी गेलेलं चित्राचं रोगण पुन्हा चढवायला त्याला बोलावलेलं, आणि आता पाहुणचार चाललेला. त्याला बघून ओर्सोलाला वाटलं, देवच पावला. साक्षीदार समोर बसलाय.

"साहेब, माझा नवरा महाराजांना नाही हसला," ती म्हणाली. "माझ्या बोटाला हसला."

"तुझ्या बोटाला?"

"हा हात माझा आहे." तिने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. "अकरा वर्षं मेस्त्रींच्या घरी मी हातांसाठी उभी राहिले. ते बसलेत ना, त्यांनाच विचारा."

टेबलाभोवती कोणी चावायचं थांबलं, कोणी हसलं. वैद्याने उठून तिचं मनगट धरलं आणि तिचा हात चित्रातल्या हाताशेजारी नेऊन धरला. एकीकडे मेणासारखी गोरी बोटं. दुसरीकडे लाल, सुजलेली, भेगाळलेली, नखं गेलेली.

"हा हात," वैद्य म्हणाला, "म्हणजे तो हात! ऐका, मंडळी!"

हशा पिकला. सरदारांनी मेस्त्रीकडे वळून विचारलं, "या बाईला ओळखता का मेस्त्री?"

मेस्त्रीने फडक्याने बोटं पुसली, एकेक करून. "धुण्याला यायची एक बाई खरी. तीच की काय, सांगता येत नाही. चेहरे लक्षात राहत नाहीत माझ्या."

"आणि चित्रातले हात?"

"दरबारातून नमुना आला होता, त्यावरून काढले."

ओर्सोला त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पेला उचलला. त्याचीही करंगळी वाकडी होती.

"मग हे काय आहे?" ती ओरडली. तिने डावा हात सगळ्यांच्या तोंडासमोर धरला. "नखं गेली, कातडी गेली, पण हाड कुठे जाईल? बघा! तोच सांधा, तेच वळण! मी नऊ वर्षांची असताना मोडलंय हे!"

सरदार ओताव्यो पुढे झुकले, बोट बघितलं, चित्र बघितलं, पुन्हा बोट बघितलं. तिला वाटलं, सुटला मेनिको.

"हद्द झाली," सरदार म्हणाले. "आता धुणं धुणाऱ्यासुद्धा महाराजांची नक्कल करायला लागल्या!"

"आणि हुबेहूब हो," वैद्य म्हणाला. "माझं अजून इतकं वळत नाही."

तिला बाई म्हणून सोडून दिलं. जाण्याआधी एक हुकूम झाला. चित्रापुढे गुडघे टेक, महाराजांच्या हाताचं चुंबन घे, आणि चालती हो. दोन शिपायांनी तिचे खांदे दाबले. ओर्सोलाने आपल्याच करंगळीवर ओठ टेकवले. रोगण ताजं होतं, ओठांना चिकटलं. ओढ्यापर्यंत जाईतो ती थुंकत होती.

पंधरवड्याने सरदारांच्या घरून बोलावणं आलं. त्यांच्या बायकोने, लाउदोमियाबाईसाहेबांनी, तिला मागच्या दाराने आत घेतलं आणि दासींना बाहेर घालवलं. खिडकीपाशी त्यांची सात वर्षांची लेक फुल्व्हिया बसली होती. तिची करंगळी फडक्याने बांधलेली होती.

"हात दाखव," बाईसाहेब म्हणाल्या. बोट उलटसुलट करून त्यांनी पाहिलं. "सगळ्या गावात एवढं नेमकं वळण कोणाचं नाही. वर्षभर हिचं बांधून ठेवलंय, फडकं काढलं की पुन्हा सरळ. तू कसं केलंस?"

"केलं नाही, मोडलं होतं."

"मग हिचं मोड."

ओर्सोलाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"अशी बघतेस काय? नेपल्सहून स्थळ येतंय. मोठं घराणं आहे. तू जागा दाखव, कुठे आणि कसं, आणि नीट बांध. सरदार माझ्या शब्दाबाहेर नाहीत. गलबत इथे पाणी भरायला येईल त्या दिवशी तुझा नवरा उतरवून घेऊ. मी तोंडाने सांगतेय म्हणजे होईल."

होईल, हे ओर्सोलालाही ठाऊक होतं. गावातली सगळी दया अशाच मागच्या दारांनी बाहेर पडायची.

ती फुल्व्हियासमोर बसली. फडकं सोडलं. पोरीचा हात तिच्या भेगाळ हातात आला. लांब, गोरा, मऊ. पोरीला शिकवून ठेवलेलं असावं. तिने मान दुसरीकडे वळवली आणि डोळे घट्ट मिटले.

"फार दुखेल का गं?" तिने विचारलं.

ओर्सोलाने करंगळी दोन बोटांत धरली. एक हिसका, बस. मेनिको घरी येईल, चुलीत लाकूड घालील, काय आज्ञा म्हणेल. तिने खरंच जोर लावायला घेतला होता. पण तिला आठवला तो चाकाशी उभा राहून रडणारा मेनिको, बोट मोडलं हिचं आणि रडतोय हा. त्याला घरी आणून हे कसं सांगायचं? सांगितलं नाही तरी त्याच्यासमोर हा हात कसा धरायचा?

तिने बोट सोडलं. "मला नाही जमणार बाईसाहेब."

"नवरा नको तुला?"

"तोच हवाय."

"मूर्ख आहेस," बाईसाहेब म्हणाल्या. आणि मूर्ख तर ती होतीच. हाडं बसवणारी म्हातारी अजून जिवंत होती, आता तर ठार आंधळी. तिला काय, मोड म्हटलं, तिने मोडलं.

वसंतात गलबत आलं. राजाचं निशाण लावलेलं, म्हणून सगळं गाव सणाचे कपडे घालून धक्क्यावर लोटलं. ओर्सोला पहाटेपासून उभी होती, पण सरदारांची माणसं आली तशी शिपायांनी तिला मागे ढकललं. शिपायांची रांग पुढे, त्यांच्यामागे बड्यांची गर्दी, आणि त्या गर्दीच्याही मागे ओर्सोला. गलबत धक्क्याच्या इतकं जवळ आलं की साखळ्यांचा आवाज ऐकू येत होता. वल्ह्यांमागे भादरलेली डोकी दिसत होती, रांगांवर रांगा, सगळी सारखी. त्यातलं एक डोकं वर झालं. मान ताणून ते धक्क्यावर काहीतरी शोधू लागलं.

"मेनिको!" ती ओरडली. त्याच वेळी तोफ उडाली.

तिने डावा हात वर केला. टाचा उंचावून, खांदा निखळेल इतका वर. शिपायांच्या टोपांवरून आता फक्त हातच दिसणार होते, तोंडं नाही. ती मनात म्हणत होती, बघ, मेनिको, बघ, मी आलेय.

पण निशाणाला सलाम करायला सरदारांनी हात वर केला होता. बाईसाहेबांनी केला. वैद्याने, पाद्रीबुवांनी, कोळ्यांनी, दोरवाल्यांनी, मासेवाल्यांनी केला. पुढे कोणाच्या तरी खांद्यावर बसलेल्या फुल्व्हियानेही आपला पट्टी बांधलेला लहान हात वर केला. सगळा धक्का हातांनी भरून गेला, आणि प्रत्येक हाताची करंगळी वाकडी होती.

ते डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं, पुन्हा मागे फिरलं. मग चाबूक वाजला आणि ते खाली गेलं.